रानाला माहेर मानणाऱ्या गौरादेवी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा रिवाज आहे. जिजामाता झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई आणि रमाबाई रानडेही झाल्या. यंदा चिटणीसवहिनींनी हे काम माझ्या गळ्यात घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, पुढे लग्न झाले आणि लेखणी वाण्याच्या यादीपुरती राहिली. म्हणून मोठ्या विदुषीबद्दल लिहिण्याचा माझा वकूब नाही. मग मनात आले की, जिला शाळाच ठाऊक नव्हती अशा एका बाईबद्दल लिहावे. त्या म्हणजे हिमालयातल्या रैणी गावच्या कै. गौरादेवी.

पुष्कळ भगिनींनी हे नाव ऐकलेले असेल. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात चिपको आंदोलनाचा धडा असतो. त्यात बायका हातात हात घालून झाडाभोवती उभ्या असल्याचे चित्र असते. माझ्या धाकटीच्या पुस्तकात मी ते पाहिले होते. परंतु या गौरादेवी एका महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या, आणि जे घडले ते त्या मंडळाच्या बायकांनी घडविले, हे मात्र मिळतील ती पुस्तके चाळायला बसले तेव्हाच मला कळले. तेव्हा हे चरित्र आपल्याच स्मरणिकेत शोभेल असे वाटले.

गाव कुठे आहे ते आधी सांगते. बदरीनारायणाच्या यात्रेला जाताना जोशीमठ लागते. आपल्यापैकी ज्या यात्रेला जाऊन आल्या त्यांना आठवत असेल, जोशीमठाहून मोटार खाली उतरते आणि विष्णुप्रयागाला एक नदी जोराने येऊन अलकनंदेला मिळते. ती धौलीगंगा. मी काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेले होते तेव्हा त्या पुलावर आमची मोटार थांबली होती. पाण्याचा आवाज एवढा की शेजारचीचे बोलणे ऐकू येईना. त्या धौलीगंगेच्या काठाने एक सडक तिबेटच्या सरहद्दीकडे, नीती खोऱ्यात जाते. यात्रेच्या मोटारी तिकडे जात नाहीत. जोशीमठापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, जिथे ऋषिगंगा येऊन धौलीगंगेला मिळते, तिथे रैणी गाव आहे. वर नंदादेवीचे शिखर, खाली नदी आणि मधल्या उतारावर घरे.

गौरेचा जन्म १९२५ सालचा. माहेर त्याच खोऱ्यातले लाता गाव, वडिलांचे नाव नारायणसिंह. ही मंडळी भोटिया जमातीची. त्यांचा धंदा मोठा कष्टाचा. उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य, गूळ, कापड लादायचे, बर्फाच्या खिंडी ओलांडून तिबेटात जायचे आणि तिकडून मीठ व लोकर आणायची. घरी बायका लोकर पिंजून सूत काढीत, माग लावून घोंगड्या विणीत. हिवाळा आला की वरच्या गावांतली माणसे बिऱ्हाड आवरून खाली येत. असल्या घरात मुलीला शाळेत कोण घालणार? आईच्या मागे फिरत जे शिकायचे ते गौरा शिकली. कुठले गवत गाईला चालते, कुठली मुळी तापावर द्यायची, वाळलेले लाकूड कसे ओळखायचे, हे सारे तिने रानातच उचलले.

बाराव्या वर्षी तिचे लग्न रैणीच्या मेहरबानसिंहांशी झाले. थोडी शेती, थोडी जनावरे, लोकरीचा व्यापार, असे ते घर होते. परंतु तिच्या नशिबी संसार फार दिवस नव्हता. बाविसाव्या वर्षी कपाळाचे कुंकू पुसले गेले. पदरात अडीच वर्षांचा मुलगा आणि घरात म्हातारे सासू-सासरे. त्या मुलुखात बाई शेतीची सगळी कामे करते. शेणखत डोक्यावरून वाहते, पेरते, खुरपते, कापते, पण नांगराला हात लावीत नाही, तो पुरुषानेच धरायचा असा दंडक. म्हणजे विधवा बाईला नांगरणीच्या वेळी दुसऱ्याच्या दारात उभे राहणे आले. ज्या भगिनींवर हा प्रसंग आलेला आहे त्यांना यापुढे काही लिहून सांगायला नको.

गौरादेवी माहेरी परत गेल्या नाहीत. सासू-सासऱ्यांचे शेवटपर्यंत केले, मुलाला वाढविले, लोकरीचा धंदा जमेल तसा चालू ठेवला, आणि मुलगा हाताशी आल्यावर तो त्याच्यावर सोपविला. हे सारे चरित्रकारांनी दोन ओळींत उरकलेले असते. मला मात्र वाटते की पंचवीस वर्षे रोज पहाटे उठून हे करीत राहणे म्हणजे काय, ते दोन ओळींत मावत नाही. पुढे एका दिवसात त्यांनी जे केले त्याची तयारी इथे झाली होती.

१९६२ साली चीनशी लढाई झाली आणि तिबेटची वाट बंद पडली. पिढ्यान् पिढ्यांचा व्यापार एकदम बुडाला. बकऱ्या विकल्या गेल्या, माणसे मजुरीला लागली. आणि त्याच वेळी त्या खोऱ्यात सडका आल्या. सरहद्दीवर फौज पोहोचविण्यासाठी त्या हव्याच होत्या, त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. परंतु सुरुंग लावून डोंगर फोडायचा आणि निघालेला दगड-माती खाली नदीकडे लोटून द्यायची, असे ते काम. वरचा उतार सैल व्हायचा आणि खालचा मातीखाली जायचा. दुसरे असे की, ज्या रानात पूर्वी पायवाटेनेच जाता येत असे त्याच्या पायथ्याशी आता मालमोटार येऊन उभी राहू लागली. शेकडो वर्षांची देवदाराची झाडे तोवर केवळ वाट नाही म्हणून वाचली होती. सडक झाल्यावर ठेकेदार आला.

रान सरकारचे. इंग्रजांच्या अमदानीतच डोंगरातली मोठी राने सरकारजमा झाली आणि गावकऱ्यांना जळणाचे, चाऱ्याचे ठरावीक हक्क उरले. स्वराज्य आले तरी पद्धत तीच राहिली. जंगलखात्याने झाडांवर खुणा करायच्या, शहरात लिलाव पुकारायचा, बोली जिंकणाऱ्या ठेकेदाराने बाहेरगावचे मजूर आणून झाडे पाडायची. रान सर्वांच्या मालकीचे असे कागदावर असे, पण लिलावाच्या वेळी त्या सर्वांपैकी कोणाला विचारीत नसत. आणि बायकांना तर कोणत्याच बाबतीत विचारीत नसत.

१९७० सालच्या जुलै महिन्यात अलकनंदेला भयंकर पूर आला. २० जुलैच्या त्या पुरात बेलाकूची नावाची वस्ती वाहून गेली, यात्रेच्या मोटारी वाहून गेल्या, पूल गेले, शेते गेली. तो गाळ थेट हरद्वारपर्यंत पोहोचून गंगेचा कालवा त्याने भरून गेला. पाऊस अतोनात होता हे खरेच. परंतु पाहणाऱ्यांना दिसले की जिथे वरचे रान तुटले होते, जिथे सडकेसाठी डोंगर फोडला होता, तिथे दरडी जास्त कोसळल्या. गोपेश्वरला चंडीप्रसाद भट्ट म्हणून सर्वोदयी कार्यकर्ते होते. १९६४ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दशोली ग्रामस्वराज्य संघ स्थापन केला होता. पूरग्रस्तांच्या मदतीला गेलेल्या या मंडळींनी हे सारे डोळ्यांनी पाहिले.

पुढे १९७३ साली एक चीड आणणारी गोष्ट झाली. शेतीची अवजारे करण्यासाठी संघाने अंगू नावाची थोडी झाडे मागितली. लाकूड हलके नि चिवट, बैलाच्या मानेला जू काचत नाही. ती झाडे त्यांना नाकारली गेली, आणि त्याच जातीची झाडे खेळाचे सामान बनविणाऱ्या दूरच्या एका कंपनीला देण्यात आली. शेतकऱ्याच्या जुवाला लाकूड नाही आणि खेळायच्या सामानाला आहे, हा न्याय लोकांना कसा पटावा? त्या वर्षी एप्रिलात मंडल गावी आणि पुढे फाटा-रामपूरच्या रानात लोकांनी ठरविले की झाडाला मिठी मारून उभे राहायचे, कुऱ्हाड आधी आमच्या पाठीवर पडू दे. कंपनीची माणसे परत गेली. मिठी मारणे म्हणजे चिपकणे, त्यावरून चिपको हे नाव पडले.

हे सगळे पुरुषमंडळींचे चालले होते. बायका सभेला येत, मागे बसत, ऐकत.

रैणीत तोवर महिला मंगल दल स्थापन झाले होते आणि गौरादेवींना त्याचे अध्यक्षपद मिळाले होते. गावची स्वच्छता, अडल्यानडल्याला मदत, रानावर नजर, अशी कामे. आपल्या मंडळासारखाच प्रकार. एवढे खरे की गौरादेवींना सहीपुरतेही लिहिता येत नव्हते, आणि तरी त्यांनाच पुढे केले गेले. मला वाटते, विधवा बाई दुसऱ्याच्या दुःखाला आधी धावते हे गावाने पाहिलेले असणार.

१९७४ च्या आरंभी देहरादूनला रैणीच्या वरच्या रानाचा लिलाव झाला. सुमारे अडीच हजार झाडे ठेकेदाराला विकली गेली. देवदार आणि त्याच्यासारखी सुईच्या पानांची उंच उंच झाडे, काही तर आजोबा-पणजोबांच्याही आधीची. गावाच्या थेट डोक्यावरचा तो उतार. तिथली झाडे गेली असती तर पहिल्याच पावसात माती आणि दगड कोणाच्या घरावर आले असते, हे कळायला पुस्तक लागत नाही. चंडीप्रसाद भट्ट येऊन बोलून गेले. जोशीमठ भागातले पुढारी गोविंदसिंह रावत यांनी गावोगाव पत्रके वाटली. विचार झाला, सभा झाल्या, पुरुषांनी तयारी केली.

आणि मग २६ मार्चचा दिवस उजाडला. लढाईच्या वेळी फौजेसाठी गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या होत्या, त्यांची भरपाई बरीच वर्षे रखडली होती. ती घ्यायला चमोलीला या, असा निरोप नेमका त्याच दिवसाचा आला. एवढ्या वर्षांनी पैसे मिळणार म्हणताच गावातले सगळे पुरुष पहाटे निघून गेले. तिकडे गोपेश्वरला जंगलखात्याचे मोठे अधिकारी भट्टांशी बोलणी करायला येऊन बसले, म्हणजे तेही अडकले. इकडे जोशीमठाहून मजुरांना घेऊन मोटार निघाली. गावाच्या अलीकडेच मजूर उतरले आणि गाव टाळून ऋषिगंगेच्या कडेने रानाकडे चढू लागले. कुऱ्हाडी-करवती, शिधा, भांडी सगळे बरोबर.

एका लहान मुलीने ते पाहिले. ती धावत गौरादेवींकडे आली.

दुपारची वेळ. घरोघरी काय चालले असेल ते आपण समजू शकतो. कोणाची चूल पेटलेली, कोणाचे पोर पाजायचे, कोणी कपडे धूत असेल. गावात पुरुष नाही. अशा वेळी बहुतेकींच्या मनात येते की, घरचे माणूस परत येऊ दे, मग पाहू. गौरादेवींनी वाट पाहिली नाही. परत येईपर्यंत झाडे आडवी झालेली असतील, हे त्यांना कळत होते. त्या घरोघर गेल्या आणि बायकांना हाका घातल्या. त्यांच्यासह सत्तावीस जणी निघाल्या, त्यांत काही कोवळ्या पोरीही होत्या. त्या बायकांत पुढे चालणाऱ्या गौरादेवींची पन्नाशी जवळ आली होती.

रानात मजूर सामान टाकून स्वयंपाकाला लागले होते. बायकांनी आल्या आल्या भांडण केले नाही. त्यांनी मजुरांना भाऊ म्हटले. हे रान आमचे माहेर आहे, असे गौरादेवींनी सांगितले. इथून आम्हाला जळण मिळते, चारा मिळतो, औषधाची मुळी मिळते, हे तुटले तर डोंगर खाली येईल आणि आमची घरेदारे वाहून जातील. तुम्ही जेवण करून घ्या, आमच्याबरोबर खाली चला, आमची माणसे आली की काय ते बोलू, असे त्यांचे म्हणणे होते.

माहेर हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. सरकारच्या दप्तरात त्या रानाला विभागाचे नाव असते, ठेकेदाराच्या वहीत घनफूट असतात. गौरादेवींनी माहेर म्हटले. बाराव्या वर्षी माहेर सुटलेल्या, बाविसाव्या वर्षी नवरा गेलेल्या बाईला मन मोकळे करायला दुसरी जागा कोणती होती? सासुरवाशीण जळणाच्या निमित्ताने मैत्रिणींबरोबर रानात जाते, तिथे हसते, रडते, गाणी म्हणते आणि भारा घेऊन घरी येते. आपल्याकडच्या खेड्यांतही विहिरीवर नि ओढ्यावर हेच होत असे. माहेर कोणी विकायला काढले तर बाई गप्प कशी बसेल?

मजूर गरीब होते, त्यांतले काही विचारात पडले. पण बरोबरच्या माणसांपैकी काही जण दारू प्यालेले होते. त्यांनी शिवीगाळ केली, सरकारी कामात अडथळा आणला म्हणून अटक करवू असे धमकावले. एकाने बंदूक रोखली. तेव्हा गौरादेवी पुढे झाल्या, त्यांनी आपल्या अंगावरचे वस्त्र छातीपाशी मोकळे केले आणि आधी मला गोळी घाल, मग माझे माहेर तोड, असे त्याला बजावले. विधवा, पोक्त, मर्यादेने वागणारी बाई असे करते तेव्हा तिच्या मनाची काय अवस्था झालेली असेल! मला हे लिहितानासुद्धा हात थांबवावा लागला. बंदूक खाली आली. मजूर उतरू लागले.

बायका त्यांच्या मागोमाग खाली आल्या. रानाच्या वाटेवर एके ठिकाणी दरडीवरून पलीकडे जायला सिमेंटची फळी टाकलेली होती. ती त्यांनी मिळून ढकलून दिली, म्हणजे परत चढायला वाट उरू नये. रात्र त्यांनी पहाऱ्यात काढली. मार्च महिन्यातली ती डोंगरातली थंडी. घरी पोरे कोणी जेवू घातली असतील कोण जाणे, याबद्दल कोणी लिहून ठेवलेले नाही आणि माझ्या डोक्यातून ते जात नाही.

चित्रात दाखवितात तशी झाडाला मिठी त्या दिवशी रैणीत मारावी लागली नाही. त्या वाटेत उभ्या राहिल्या, तेवढे पुरले.

दुसऱ्या दिवशी पुरुष परतले, भट्ट आले, गोविंदसिंह आले. गौरादेवींनी घडले ते सांगितले, परंतु बंदुकीची नि दारूची गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली नाही, असे म्हणतात. त्या माणसाची नोकरी जाईल, त्याच्याही घरी बायकापोरे असतील, असा विचार त्यांनी केला. ती गोष्ट पुढे कळली. एवढा अपमान पोटात घालणे आपल्याला जमेल का, हे मी स्वतःला विचारून पाहिले आणि उत्तर फारसे बरे आले नाही. ३१ मार्चला रैणीत मोठी सभा झाली, आसपासच्या गावांतून बायका-पुरुष ढोल वाजवीत आले.

उत्तर प्रदेशचे त्या वेळचे मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा स्वतः गढवालचे. त्यांनी दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने दोन वर्षे काम केले. बायका जे सांगत होत्या तेच शास्त्रज्ञांनी आपल्या भाषेत सांगितले की, हा डोंगर ठिसूळ आहे, नदीच्या उगमाकडचे रान तोडणे धोक्याचे आहे. ऋषिगंगा आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातल्या सुमारे बाराशे चौरस किलोमीटर प्रदेशात दहा वर्षे तोड बंद झाली. पुढे १९८० साली केंद्र सरकारने वनसंरक्षणाचा कायदा केला आणि त्या सुमारास हिमालयात हजार मीटरच्या वरची हिरवी झाडे तोडण्यावरही बंदी आली. त्यासाठी सुंदरलाल बहुगुणांसारख्या अनेकांनी उपास केले, पदयात्रा काढल्या. ती मोठी हकिकत आहे, इथे नको.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९८० साली त्याच चमोली जिल्ह्यात डुंगरी-पैंतोली गावी ओकांचे रान तोडायला द्यायचे आणि त्या बदल्यात पक्की सडक, शाळा, दवाखाना, वीज घ्यायची, असा सौदा गावच्या पुरुषांनी कबूल केला. बायकांनी तो मानला नाही. सडक आली तरी चारा-जळणासाठी पाच-पाच कोस जायचे आमच्याच पायांनी, असा त्यांचा हिशेब होता. पुरुषांनी धमकावले, तरी त्या हटल्या नाहीत आणि रान वाचले. सडक वाईट असे मी म्हणत नाही. माझ्या थोरलीच्या बाळंतपणात सडक होती म्हणून आम्ही वेळेवर पोहोचलो. पण आमच्या गावाबाहेरची सडक रुंद केली तेव्हा दोन्ही बाजूंचे जुने वड आठ दिवसांत गेले. मी तेव्हा अंगणात पापड वाळत घालीत होते. करवतीचा आवाज ऐकला, वाईट वाटले, आणि पापड उलटत राहिले. मंडळाच्या सभेतही तो विषय निघाला नाही. तो काढायला मीच होते.

गौरादेवींचे पुढचे आयुष्य साधेच गेले. सभांना बोलावणी येत, वर्तमानपत्रवाले येत, मग निघून जात. घरातले दारिद्र्य हटले नाही. आणि १९८२ साली असे झाले की, नंदादेवीचा सारा वरचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून बंद करण्यात आला. झाडे राखायची म्हणून केले, हेतू वाईट नव्हता. पण लाता-रैणीच्या लोकांच्या मेंढ्या ज्या कुरणांत जात, ज्या वाटेने त्यांची मुले गिर्यारोहकांचे ओझे वाहून चार पैसे मिळवीत, ती कुरणे नि ती वाट त्यांनाच बंद झाली. ज्यांनी बंदुकीपुढे उभे राहून रान राखले, त्यांनाच दाराबाहेर ठेवले. पुढे १९९८ साली लाताच्या लोकांनी त्याविरुद्ध चळवळ केली, पण ते पाहायला गौरादेवी नव्हत्या. ४ जुलै १९९१ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

रैणी गावात त्यांचे स्मारक झाले, पुतळा बसला. ऋषिगंगेवर, गावाच्या पायथ्याशी, वीज काढण्याचा प्रकल्प उभा राहिला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी वर रोंती शिखराच्या कड्यावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड लोट खाली आला. तो प्रकल्प काही क्षणांत नाहीसा झाला, पुढे तपोवनच्या प्रकल्पाच्या बोगद्यात माणसे अडकली. दोनशेहून अधिक जीव गेले. हा कडा झाडे तोडल्यामुळे पडला असे कोणी म्हणू नये, तो झाडांच्या फार वरचा. परंतु असल्या ठिसूळ डोंगरात नदीच्या तोंडाशी एवढे बांधकाम करावे की नाही, हा प्रश्न रैणीच्या लोकांनी आधीपासून विचारलेला होता.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी, जून महिन्यात, गावाखालची जमीन खचू लागली. घरांना भेगा पडल्या आणि सरहद्दीकडे जाणारी ती सडक तुटली. सडक पुन्हा करायची तर ती वरच्या अंगाने न्यायला हवी होती, आणि तिथे गौरादेवींचे स्मारक होते. सडकेसाठी ते काढावे लागले. पुतळा उचलून मोटारीत घातला आणि जोशीमठाला नेला.